कळल्यापासून

आमच्या घरातून घाट दिसत नसे, ऐकू येई. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की तिला मागून ढकलायला जादा इंजिनं लावत. त्यांना सगळं गाव बँकर म्हणायचं. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसालाही बँकर म्हणतात हे मला कळलं, तेव्हा तो काय ढकलतो असं मी अण्णांना विचारलं होतं. गाडी सुटायच्या वेळी पुढचं इंजिन शिट्टी देई, मागचं तिला उत्तर देई, मग दोन्हीकडून जोर लागे आणि आमच्या फळीवरचे पितळी डबे थोडे किणकिणत. आईचा स्वयंपाक त्या शिट्ट्यांवर चाले. अमक्या गाडीला भात चढवायचा, तमक्या गाडीला आमटीला फोडणी द्यायची. गाडी लेट असली की आम्ही लेट जेवत असू. आता म्हणे ड्रायव्हर वायरलेसवर बोलतात. स्टेशन तिथेच आहे, मीही इथेच आहे, पण शिट्टीला उत्तर देणारी शिट्टी काही ऐकू येत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत विज्ञान शिकवत. संध्याकाळी आमच्या ओसरीवर त्यांचा आणखी एक वर्ग भरे. त्यात पुस्तकातलं काही नसायचं, अण्णांना आवडेल ते असायचं, आणि त्या वर्षी अण्णांना सापेक्षता आवडली होती. मी बारावीला होते, त्यामुळे मला सुटका नव्हती. बाकीची पाचसहा मुलं-मुली मात्र आपण होऊन येत. एकेकाचे प्रश्न ऐकण्यासारखे असत. उजेडाच्या वेगाने पळालं तर पुढे धरलेली बॅटरी पेटेल का? पळत्या माणसाचं घड्याळ हळू चालतं, तर मग माथेरानचे घोडे म्हातारे कसे होतात? अण्णा कोणालाच हसत नसत. चिडत मात्र फार. त्यांचा सगळ्यात लाडका धडा बँकरचा होता. खडू उगारून ते विचारत, "पुढचं इंजिन आणि मागचं इंजिन, दोघांनी एकदमच शिट्टी मारली. तू फलाटाच्या मागच्या टोकाला उभी आहेस. तुला मागची आधी ऐकू आली. म्हणून ती आधी वाजली का?" नाही सर, पुढच्या आवाजाला यायला वेळ लागतो, तो वजा करायचा, असं कोणीतरी म्हणे. "शाबास. आता शिट्ट्यांच्या जागी दिवे घ्या. उजेडालाही यायला वेळ लागतो. तोही वजा करा. सगळा उशीर वजा करा. तरीसुद्धा फलाटावरचा म्हणेल दोन्ही दिवे एकदम लागले, आणि पळत्या गाडीतला म्हणेल पुढचा आधी लागला. दोघांचंही गणित बरोबर. इथून पुढे सापेक्षता सुरू होते. त्याआधीची ती नुसती टपालाची दिरंगाई."

कशेळ्याकडून जीपला लोंबकळत येणारी सुमन नावाची एक मुलगी होती. वडिलांची भातशेती, घरात शिकलेलं कोणी नाही, आणि हिच्या तोंडाला मात्र कधी कुलूप नसे. ती म्हणाली, "म्हंजे सुतकावानी ना सर? घडलं कदी का असंना, आपल्याला कळल्यापासून धरायचं." सगळे हसले. मीही हसले. अण्णांचा खडू मोडला. "मुळीच नाही. सुतक कळल्यापासून धरतात, विज्ञान नाही धरत. कळणं वेगळं आणि घडणं वेगळं. एवढं एक वाक्य ज्याच्या डोक्यात शिरलं नाही, त्याने या ओसरीवरून उठून सरळ घरी जावं." सुमन काही उठली नाही. पण त्या आठवड्यात अण्णांनी सगळ्यांना लिहायला दिलेल्या उत्तरात तिने पुन्हा तेच लिहिलं आणि त्यांनी तिला भोपळा दिला. ही चूक त्यांना जिव्हारी लागायची. का, ते मला ठाऊक नाही. काही माणसांना आमटीत मीठ जास्त झालेलं सहन होत नाही, तसं असावं.

माझा मोठा भाऊ मधू त्या वर्षी पहिल्यांदाच बोटीवर गेला होता. मालवाहू बोट, लांबचा पल्ला. अण्णांनी ओसरीच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता आणि मधूच्या पत्रातून कळे त्याप्रमाणे ते त्यावर एक टाचणी पुढे सरकवत. भात वाढताना आई रोज विचारायची, "अहो, आता मधूकडे किती वाजले?" अण्णा मान वर करून टाचणीकडे बघत, मनाशी पुटपुटत आणि सांगत. मग आई म्हणे, "म्हणजे अजून चहा नाही झाला त्याचा." हे इतकं ठरलेलं होतं की मला त्याचा कंटाळा यायचा. एकदा तिने ओसरीवरचं काहीतरी ऐकलं आणि पानावर बसल्या बसल्या विचारलं, "फिरणारा माणूस हळू म्हातारा होतो म्हणता, मग आपला मधू परत येईल तो वयाने लहान होऊन येईल का?" अण्णा खूश झाले. म्हणाले, "येईल. पण इतका थोडा लहान, की तुला काय, देवालाही कळायचा नाही." आई म्हणाली, "तरी लहानच ना. म्हणजे आणखी लाडावणार." मधू तेव्हा बावीस वर्षांचा होता. आज मी सत्तरीकडे झुकले आहे आणि तो अजून बावीसचाच आहे. मोठ्या भावापेक्षा मी कितीतरी मोठी झाले, आणि त्यासाठी मला कर्जत सोडून कुठे जावंही लागलं नाही.

आमचा गणपती दीड दिवसाचा. त्या वर्षी आईने नवस बोलून तो दहा दिवस ठेवायचं ठरवलं, मधूचा पहिला प्रवास सुखरूप व्हावा म्हणून. त्यामुळे हरतालिकेपासूनच घरात धांदल होती. हरतालिकेला संध्याकाळी शेजारच्या बायका आमच्या अंगणात जमल्या. आई दिवसभराची उपाशी. ती अशा खेळांत कधी पडत नसे, कडेला राहून दुसऱ्यांच्या चपला सरळ करत बसे. त्या दिवशी ताराकाकूंनी तिचे दोन्ही हात धरून तिला ओढलं आणि दोघी फुगडी खेळल्या. आईचा अंबाडा सुटला. थांबा गं, थांबा गं, असं म्हणत ती गरागरा फिरत होती, आणि हसता हसता तिला ठसका लागला. मी तुळशीपुढे दिवा ठेवायला बाहेर आले होते, तो हातात धरून तशीच बघत राहिले. अण्णाही ओसरीच्या दारात येऊन उभे होते. पदराने तोंड पुसत ती त्यांना म्हणाली, "बघताय काय, या वयात मला फुगडी आठवते म्हणून?" तिला मी तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

खालापूरच्या आमच्या जुन्या घरी अण्णांचे धाकटे भाऊ, नानाकाका, राहत. दरवर्षी गौरी जेवायच्या दिवशी ते आमच्याकडे यायचे. आरती त्यांची. आवाज असा की पलीकडच्या आळीतून लोक आरतीला यायचे. त्या वर्षी ते आले, पण ओसरीच्या पायरीवरच थांबले. छत्रीही मिटली नाही. आई म्हणाली, "भावजी, आत या ना, दर्शन घ्या." ते म्हणाले, "नको वहिनी, पोट बिघडलंय, अंगही कसकसतंय." पुरणपोळी नको, प्रसाद नको, चहासुद्धा नको. तुमचा गणपती कसा आहे असं आईने विचारलं, तर म्हणाले, "मूर्तीला तडा गेला, दुसऱ्याच दिवशी पोचवला." अण्णांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. नकाशाकडे मात्र बघत राहिले, आणि पाच मिनिटांत गेले. आईला फार लागलं. इतका नवसाचा गणपती आणि घरचा माणूस पायरीवरून परत जातो, म्हणून ती भांडी घासताना रडली. मला वाटलं, खालापूरच्या काकूने त्यांचे कान भरले असतील. दहा दिवस रोज मोदक झाले, अळूचं फदफदं झालं, दोन वेळा आरती झाली. आई प्रत्येक आरतीनंतर तबक हातात घेऊन नकाशापाशी जायची आणि टाचणीवरून ज्योत ओवाळायची. तिचा हात पुरायचा नाही, म्हणून टाचा उंचावून उभी राहायची.

अनंत चतुर्दशीला आम्ही उल्हास नदीवर गणपती पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच नानाकाका आले. या वेळी छत्री मिटून सरळ आत आले आणि उभ्यानेच बोलले. मधू बोटीवर माल भरायच्या, उघड्या राहिलेल्या तळघरात पडला होता. त्याला तिथेच समुद्रात सोडलं होतं. मधूच्या कागदांवर खालापूरचा जुना पत्ता होता, त्यामुळे कंपनीचा माणूस ऋषिपंचमीला नानाकाकांकडे पोचला. मी कळवतो, असं काकांनी त्याला सांगितलं आणि कळवलं नाही. "तुमचा नवसाचा गणपती बसला होता, वहिनी. तुम्हाला कळलं असतं तर तसाच उठवावा लागला असता. न कळलेलं सुतक लागत नाही. मला कळलं होतं. मी माझं धरलं."

मला काहीच वाटलं नाही. हे लिहायला संकोच नको, तसंच होतं. मी मखराचा पुठ्ठा घडी करत होते, ती घडी पूर्ण केली. मग दुसरी केली. चुलीवर पोहे होते, ते लागू नयेत म्हणून जाऊन उतरवले, आणि भूक लागली होती म्हणून थोडे खाल्लेही. बाहेर येऊन बघते तर आई गणपतीच्या रिकाम्या पाटाशेजारी बसली होती. ती रडत नव्हती. नानाकाकांना म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी बाहेरच उभे राहिलात भावजी. मी उगाच मनात आणलं." एवढ्यावर तो एवढा मोठ्या आवाजाचा माणूस खाली बसला आणि हुंदके देऊ लागला. आईने मला सांगितलं, त्यांना पाणी दे. मी दिलं.

मग तिने विचारलं, "कधी गेला तो?" काकांनी सांगितलं, हरतालिकेच्या दिवशी, तिकडच्या दुपारी, जेवणाची घंटा व्हायची होती. आईने मान अण्णांकडे वळवली आणि रोज भात वाढताना विचारायची तितक्याच साध्या आवाजात विचारलं, "अहो, तिकडची दुपार म्हणजे आपल्याकडे किती वाजले?"

अण्णांनी टाचणीकडे बघितलं. मीही बघितलं. टाचणी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला होती. तिकडची दुपार म्हणजे आमची दिवेलागण. अण्णांना किती वेळ लागला माहीत नाही, मला अजिबात लागला नाही. दोघांचीही नजर अंगणात गेली आणि तिथून परत आली. मग अण्णा बोलायला लागले ते वर्गातल्या आवाजात. "तसं सांगता येत नाही." आई म्हणाली, "रोज तर सांगता." ते म्हणाले, "तो आपला अंदाज. खरं बघायला गेलं तर इतक्या लांबच्या दोन जागांना मिळून एक 'तेव्हा' नसतो. बोट चालती असते. तिचं घड्याळ वेगळं, आपलं वेगळं. तिथली गोष्ट आपल्यापर्यंत पोचते तेव्हाच ती आपल्यासाठी घडते. त्याआधी ती इथे नसतेच." आईने विचारलं, "म्हणजे काय?" अण्णा म्हणाले, "म्हणजे तुझ्यासाठी मधू आज गेला. कळल्यापासून धरायचं."

ते सुमनचं वाक्य होतं. शब्दन् शब्द. बोट चालती असते हे खरं, आणि तिचं 'तेव्हा' आपल्या 'तेव्हा'पेक्षा जरा वेगळं असतं हेही खरं, पण किती वेगळं? सेकंदाचा अब्जावा भाग. त्यात एक फुगडी बसत नाही, फुगडीतलं एक पाऊलही बसत नाही. हे अण्णांनीच मला शिकवलं होतं. नकाशासमोर उभं राहून, मधूच्या बोटीचंच उदाहरण घेऊन, आम्ही ते गणित केलं होतं. आईने माझ्याकडे बघितलं. "असं असतं का गं, कुंदा?" मी म्हणाले, "हो. असंच असतं. आम्हाला तेच शिकवलंय." अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही.

नानाकाका डोळे पुसत म्हणाले, "मी गुरुजींना विचारून आलोय वहिनी. दहा दिवस उलटून गेलेत, आता तीनच दिवस धरायचे." आई म्हणाली, "तीन कुठले, भावजी? ह्यांनी काय सांगितलं ते ऐकलंत ना? तो आज गेला. दहा." तिचा आवाज चढला नाही. काकांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा जन्मात कधी असल्या गोष्टींत पडले नव्हते. ते म्हणाले, "दहा."

ते दहा दिवस मला पाण्याखालून ऐकल्यासारखे आठवतात. शेजारून पिठलं-भात यायचा, तो आम्ही खायचो. देवापुढे दिवा नव्हता. ओसरीवर वर्ग नव्हता. आई भिंतीला टेकून बसायची आणि कोणी आलं की त्याला अण्णांचं म्हणणं समजावून सांगायची. इतक्या लांबचं 'तेव्हा' सांगता येत नाही, बोटीचं घड्याळ वेगळं, आपलं वेगळं. बायका माना डोलवायच्या. तिला खोदून विचारणारं कोणी नव्हतं. बँकर यायचे, शिट्ट्या द्यायचे, डबे किणकिणायचे, आणि भात चढवायला कोणी उठायचं नाही. अण्णांनी नकाशा काढला नाही, फक्त टाचणी काढली. तिचं भोक आफ्रिकेच्या काठावर तसंच राहिलं. पुढे कागद पिवळा पडला आणि ते दिसेनासं झालं. मला रडू यावं म्हणून मी वाट बघत होते. ते आलं पुष्कळ वर्षांनी, एका लग्नाच्या पंगतीत, काहीच कारण नसताना, आणि जिलबीचं ताट तसंच टाकून मला उठावं लागलं.

सुतक फिटल्यावर वर्ग पुन्हा सुरू झाला. अण्णांनी जिथे सोडलं होतं तिथूनच धरलं. दोन इंजिनं काढली, फलाट काढला, आणि सवयीने विचारलं की यात आपण नेहमी काय चुकतो. सुमनने हात वर केला. बिचारी तयारी करून आली होती. म्हणाली, "सर, मला तवा भोपळा दिलावता, आता नाय चुकणार. कळल्यापासून नाय धरायचं. कळणं येगळं न् घडणं येगळं." ओसरीवर सगळे अण्णांकडे बघत होते, तिला शाबासकी मिळेल म्हणून. आत विळीचा आवाज थांबला. अण्णा खडू हातात घेऊन फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे." त्यांनी फळा पुसला आणि आज एवढंच असं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं. त्यानंतर त्यांनी सापेक्षता शिकवली नाही. वनस्पतीशास्त्राकडे वळले. पुढे मी शिक्षिका झाले आणि तो धडा जन्मभर मी शिकवला. दरवर्षी कोणीतरी ती चूक करायचंच. मी गुण कापायचे. पण आवाज कधी चढवला नाही.

अण्णा गेले त्यालाही आता बराच काळ झाला. आई त्यांच्यानंतर पुष्कळ जगली आणि माझ्यापाशीच होती. माझी लेक कॅनडात असते. शेवटच्या काही वर्षांतली एक दुपार. लेकीला फोन लावावा का, तिकडे किती वाजले असतील, म्हणून मी मोबाईल शोधत होते. आई मोड आलेले वाल सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आत्ता नको. तिकडे अजून उजाडलं नसेल." मी बघितलं, तर खरंच नव्हतं उजाडलं. मी म्हणाले, "तुला बरं येतं गं हे." ती म्हणाली, "मधूच्या वेळेपासून येतं. ह्यांना नुसती विचारायचे. उत्तर मला आधीच ठाऊक असायचं. त्यांना सांगायला आवडायचं."

मी मोबाईल खाली ठेवला. इतक्या वर्षांत आम्ही यावर एक शब्द बोललो नव्हतो. मी म्हणाले, "मग त्या दिवशी?"

"त्या दिवशीही ठाऊक होतं." तिने एक डाळिंबी वाटीत टाकली. "दिवेलागण. ताराने हात धरले होते माझे."

"मग विचारलंस कशाला?"

"वाटलं, आपलं गणित चुकलं असेल. बोट कुठे आहे ते ह्यांना जास्त ठाऊक. काहीतरी वेगळं सांगतील, तर बरं. आणि ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांना सांगता येत नाही असं कधी झालंय का गं? तेव्हाच समजले, चुकलं नाही म्हणून."

"आणि मला विचारलंस ते?"

"तू तर चटकन हो म्हणालीस. तू आयुष्यात कुठल्या गोष्टीला कधी चटकन हो म्हणालीयस?"

मी हसले. ती हसली नाही. सालं पुढ्यात गोळा झाली होती, ती तिने हाताने एकीकडे केली.

मी विचारलं, "सगळं ठाऊक होतं, मग सगळ्या गावाला ते समजावत का बसलीस?"

"नानाने तीनच दिवस आणले होते, कुंदा," आई म्हणाली. "मला दहा हवे होते."